देशोदेशीच्या सर्वेक्षणासाठी साधने कुठे मिळतील? बौद्ध युवकांसाठी एक मार्गदर्शन

परदेशात शिकणारे, नोकरी करणारे आपले बांधव जातीभेदाचा प्रश्न मांडतात, तेव्हा समोरून एकच विचारणा होते: "आकडा कुठे आहे?" विद्यापीठाचे प्रशासन, कंपनीचा मनुष्यबळ विभाग, नगर परिषद, संसदेची समिती, सगळीकडे हाच प्रश्न. अनुभव सांगितला तर तो एकट्या माणसाचा ठरवला जातो. मोर्चा काढला तर ते राजकारण ठरते. पद्धतशीर सर्वेक्षण मात्र सहजासहजी बाजूला सारता येत नाही. म्हणूनच वेगवेगळ्या देशांत पसरलेल्या आपल्या समाजाचे सर्वेक्षण कसे करावे आणि त्यासाठीची साधने कुठून मिळवावीत, हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असायला हवे.

अमेरिकेतील दोन सर्वेक्षणांचा धडा

इक्वॅलिटी लॅब्स या संघटनेने २०१६ मध्ये अमेरिकेतील दक्षिण आशियाई लोकांचे सर्वेक्षण केले. त्याचा अहवाल २०१८ मध्ये आला. दीड हजारांच्या आसपास लोकांनी उत्तरे दिली होती. त्यातल्या दलित उत्तरदात्यांपैकी दोन तृतीयांश लोकांनी कामाच्या ठिकाणी जातीमुळे अन्यायाची वागणूक मिळाल्याचे सांगितले. हा अहवाल जगभर गाजला. पुढे सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीभेदावर बंदी घातली, त्या चर्चेतही त्याचा आधार घेतला गेला.

२०२१ मध्ये कार्नेगी या संशोधन संस्थेचा अहवाल आला. त्यात सुमारे १२०० भारतीय अमेरिकनांची पाहणी होती आणि जातीभेद अनुभवल्याचे फक्त ५ टक्के लोकांनी सांगितले होते. विरोधकांनी लगेच म्हणायला सुरुवात केली की बघा, जातीचा प्रश्न अमेरिकेत नाहीच. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने जातीभेदविरोधी विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी ते नाकारले.

मग यातले खरे कोणते? दोन्ही सर्वेक्षणे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. पहिल्यात लोक स्वतःहून, ओळखीतून, संघटनांमार्फत आले. त्यामुळे ज्यांना भेदभावाचा अनुभव आहे असे लोक त्यात जास्त असण्याची शक्यता राहते. त्यावरून अमेरिकेतल्या सर्व दलितांची टक्केवारी काढता येत नाही. दुसरे सर्वेक्षण सर्व भारतीय अमेरिकनांचे चित्र दाखवण्यासाठी होते. पण त्यात जात सांगणाऱ्या हिंदूंपैकी अनुसूचित जातीचे लोक जेमतेम १ टक्का होते. १२०० लोकांच्या नमुन्यात ही संख्या बोटांवर मोजण्याइतकी भरते. बहुसंख्य सवर्ण असलेल्या गटाला "तुम्हाला जातीभेद सोसावा लागला का?" असे विचारले तर बहुतेक जण "नाही" म्हणणारच. त्या ५ टक्क्यांवरून दलितांच्या अनुभवाबद्दल काहीच ठरत नाही.

कोणी एखादा आकडा आपल्या तोंडावर फेकला, तर तो कोणाकडून, कसा आणि किती लोकांकडून आला हे विचारता आले पाहिजे. आपण आकडा मांडू तेव्हा हीच विचारणा आपल्यालाही होणार, तिची तयारी आधी हवी.

ही परंपरा आपलीच आहे

बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली ती लोकसंख्या आणि प्रतिनिधित्व यांचे गणित मांडूनच. १९२८ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. अस्पृश्य आणि आदिवासींच्या परिस्थितीची पाहणी हेच त्या समितीचे काम होते.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांनी मागितल्या होत्या. डू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर पाठवले. हे डू बॉइस म्हणजे आधुनिक सामाजिक सर्वेक्षणाच्या पायाभरणीतले एक मोठे नाव. फिलाडेल्फिया शहरातील कृष्णवर्णीय वस्तीत घरोघर जाऊन त्यांनी केलेली पाहणी १८९९ मध्ये पुस्तकरूपाने आली. दुसऱ्या देशातल्या शोषितांनी कोणती साधने वापरली हे पाहणे आणि ती मागवून घेणे, हे काम बाबासाहेबांनी स्वतः केले आहे. आज तेच काम मोबाइलवरून होऊ शकते.

आधी उपलब्ध डेटा तपासा

नवे सर्वेक्षण हा शेवटचा टप्पा. आपल्या प्रश्नाचे उत्तर आधीच कोणी गोळा करून ठेवले आहे का, हे पहिल्यांदा बघावे. पुढील साधने अभ्यासासाठी मोफत मिळतात. बहुतेक ठिकाणी नाव नोंदवावे लागते आणि डेटा कशासाठी हवा ते लिहावे लागते.

१. देशोदेशीच्या जनगणना. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचा 'आयपम्स इंटरनॅशनल' हा प्रकल्प शंभरांहून अधिक देशांच्या जनगणनांचे नमुने एकाच पद्धतीने मांडून देतो. वय, शिक्षण, व्यवसाय, स्थलांतर यांची देशादेशांत तुलना करायला हे उत्तम.

२. प्यू संशोधन केंद्र. २०२१ मध्ये या केंद्राने भारतातील धर्मांवर अहवाल काढला. सुमारे ३० हजार मुलाखती, १७ भाषा. २०२३ मध्ये श्रीलंका, थायलंड, कंबोडिया, मलेशिया, सिंगापूर आणि इंडोनेशिया या सहा देशांतील १३ हजारांहून अधिक लोकांवर आधारित बौद्ध आणि इस्लाम धर्मांविषयीचा अहवाल आला. २०२४ मध्ये जपान, दक्षिण कोरिया, तैवान, हाँगकाँग आणि व्हिएतनामवरचा. तीनही सर्वेक्षणांच्या प्रश्नावल्या उघड्यावर आहेत.

३. जागतिक मूल्य सर्वेक्षण. १९८१ पासून चालू आहे. "शेजारी म्हणून कोणते लोक नको वाटतात?" यासारखे प्रश्न त्यात देशोदेशी विचारले जातात. प्रश्नावल्या अनेक भाषांत मिळतात.

४. आंतरराष्ट्रीय सामाजिक सर्वेक्षण कार्यक्रम. १९९१, १९९८, २००८ आणि २०१८ अशा चार वेळा त्याने धर्म या विषयावर प्रश्न विचारले. डेटा जर्मनीतील गेसिस संग्रहात आहे.

५. भारत मानव विकास सर्वेक्षण. दिल्लीची एनसीएईआर ही संस्था आणि अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठ यांनी २०११-१२ मध्ये ४२ हजारांवर कुटुंबांची पाहणी केली. अस्पृश्यतेवर थेट प्रश्न विचारणाऱ्या मोजक्या मोठ्या पाहण्यांपैकी ही एक.

६. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. यात धर्माच्या पर्यायांत 'बौद्ध/नवबौद्ध' अशी वेगळी नोंद आहे. म्हणजे बौद्ध स्त्रियांचे आरोग्य, मुलांचे पोषण, शिक्षण यांचा वेगळा अभ्यास करता येतो. असेच सर्वेक्षण नव्वदांवर देशांत झाले आहे.

७. नेपाळचे सामाजिक समावेशन सर्वेक्षण. त्रिभुवन विद्यापीठाने २०१२ आणि २०१८ मध्ये केले. जातवार आणि जमातवार तुलना करणारे असे काम दक्षिण आशियात दुर्मिळ आहे.

एक सावधगिरी बाळगा. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने निधी थांबवला आणि आरोग्य सर्वेक्षणांचा जागतिक कार्यक्रम एकाएकी विस्कळीत झाला. परवानगी घेऊन मिळवलेल्या डेटाची आणि त्यासोबतच्या माहितीपुस्तिकेची प्रत नियमांत राहून स्वतःकडे जपून ठेवावी.

अशा डेटात 'भारांक' नावाचा एक रकाना असतो. नमुन्यात एखादा गट मुद्दाम जास्त किंवा कमी घेतलेला असतो, तो फरक भारांक वापरून भरून काढतात. भारांक न लावता टक्केवारी काढली तर उत्तर चुकू शकते.

शब्द एक, अर्थ वेगळे

देशादेशांची तुलना करताना सर्वांत मोठा घोळ गटांच्या व्याख्येत होतो. 'बौद्ध' हाच शब्द घ्या. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ८४ लाखांहून अधिक बौद्ध होते, त्यांतील ६५ लाखांवर एकट्या महाराष्ट्रात. प्यूच्या भारतातील सर्वेक्षणात ८९ टक्के बौद्धांनी आपण अनुसूचित जातीचे असल्याचे सांगितले. शेजारच्या नेपाळमध्ये २०२१ च्या जनगणनेत सुमारे ८ टक्के लोक बौद्ध आहेत, पण ते प्रामुख्याने तामांग, गुरुंग, शेर्पा अशा समूहांतले. तिथले दलित बहुतांशी हिंदू म्हणून नोंदलेले आहेत. श्रीलंकेत तर बौद्ध हेच बहुसंख्य आहेत. या तीन देशांतील 'बौद्धांचे शिक्षण' शेजारी शेजारी ठेवून निष्कर्ष काढला, तर धर्माच्या नावाखाली तीन वेगळ्या सामाजिक थरांची तुलना होते.

मुळात सगळे देश सगळे विचारतही नाहीत. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे २ लाख ७३ हजार बौद्ध नोंदले गेले. पण तिथे जात विचारली जात नाही, त्यामुळे त्यांतले आंबेडकरी बौद्ध किती हे कळत नाही. अमेरिकेच्या जनगणनेत धर्म विचारलाच जात नाही. तिथे आपली गणना व्हायची तर ती आपल्यालाच करावी लागेल.

प्रश्नावली कशी बनवावी

सगळे प्रश्न नव्याने लिहू नका. नावाजलेल्या सर्वेक्षणातला तपासलेला प्रश्न जसाच्या तसा घेतला तर दोन फायदे होतात. प्रश्नाचा दर्जा टिकतो आणि आपले उत्तर मोठ्या सर्वेक्षणाच्या उत्तराशी ताडून पाहता येते.

मानव विकास सर्वेक्षणातील अस्पृश्यतेचा प्रश्न अभ्यासण्यासारखा आहे. आधी विचारले गेले, घरात कोणी अस्पृश्यता पाळते का? ज्यांनी "नाही" म्हटले त्यांना पुढे विचारले, अनुसूचित जातीची व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली किंवा तुमची भांडी तिने वापरली तर चालेल का? दोन्ही उत्तरे धरून सुमारे २७ टक्के कुटुंबे अस्पृश्यता पाळणारी निघाली. एकच सरळ प्रश्न विचारला असता तर आकडा कमी आला असता. लोक तत्त्व म्हणून जे सांगतात आणि घरात जे करतात त्यातले अंतर दुसऱ्या प्रश्नाने उघड केले.

आपल्या प्रश्नावलीतही "तुम्हाला भेदभाव सोसावा लागला का?" एवढ्यावर थांबू नये. आडनाव विचारून जात शोधण्याचा प्रयत्न झाला का? घर भाड्याने देताना गाव, आहार, देव यांची चौकशी झाली का? सहकाऱ्यांना जात कळेल म्हणून १४ एप्रिलचा फोटो टाकायचे टाळले का? अशा ठोस घटना आणि "गेल्या १२ महिन्यांत" अशी ठरावीक मुदत असली की उत्तर नेमके येते.

भाषांतराचे काम एका माणसावर सोपवू नये. युरोपीय सामाजिक सर्वेक्षणात एक शिस्त वापरतात. दोन जण स्वतंत्रपणे भाषांतर करतात, तिसरा दोन्ही ताडून पाहतो, मतभेद असेल तिथे कोणीतरी एक जण निर्णय देतो, मग थोड्या लोकांवर चाचणी घेतात आणि प्रत्येक निर्णयाची लेखी नोंद ठेवतात. मराठी, हिंदी, पंजाबी, तेलुगू, नेपाळी आणि इंग्रजी अशा भाषांत काम करायचे तर ही शिस्त हवीच. 'समाज', 'बिरादरी', 'कम्युनिटी' हे शब्द वरवर सारखे वाटतात, पण विलायतेत वाढलेल्या मुलाला 'कम्युनिटी' म्हटल्यावर जात सुचेलच असे नाही. मिशिगन विद्यापीठाने बहुदेशीय सर्वेक्षणांसाठी तपशीलवार मार्गदर्शिका मोफत ठेवली आहे. नमुना, भाषांतर, मुलाखतकारांचे प्रशिक्षण अशी प्रकरणे त्यात आहेत. काम सुरू करण्यापूर्वी ती वाचावी.

माणसे कुठून मिळवायची?

४०० लोकांच्या नमुन्यात आकडा साधारण ५ टक्के इकडे तिकडे होऊ शकतो, १००० लोकांत ३ टक्के, असे पुस्तकांत असते. हा हिशेब फक्त लॉटरी पद्धतीने, प्रत्येकाला निवडले जाण्याची संधी देऊन घेतलेल्या नमुन्याला लागू होतो. व्हॉट्सॲपवर लिंक फिरवून १० हजार उत्तरे आली तरी तो लागू होत नाही.

परदेशातील आपल्या लोकांची यादी कुठेच नसते. अनेक जण ओळख लपवून राहतात. अशा गटांसाठी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये एक पद्धत मांडली. सुरुवातीला वेगवेगळ्या वर्तुळांतले काही जण निवडायचे. प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या ठरावीक, समजा तीनच, लोकांना कूपन द्यायचे. कोणी कोणाला आणले आणि प्रत्येकाची ओळख किती जणांशी आहे याची नोंद ठेवायची. ज्याच्या ओळखी जास्त त्याचे वजन हिशेबात कमी करता येते. विहारे, जयंतीचे कार्यक्रम, विद्यार्थी संघटना अशा ठिकाणांची यादी करून ठरावीक वेळी ठरावीक संख्येने मुलाखती घेणे हा दुसरा मार्ग. पण विहारात न येणारे त्यात सुटतात, हे अहवालात लिहावे.

आपली पद्धत लॉटरीची नसेल तर "अमुक देशातील ६० टक्के दलित" असे वाक्य लिहू नये. "उत्तर देणाऱ्या ३५० जणांपैकी २१० जण" असे लिहावे. एवढी काळजी घेतलेला अहवाल न्यायालयात आणि समितीपुढे टिकतो.

साधने आणि खर्च

माहिती गोळा करायला 'कोबो टूलबॉक्स' आणि 'ओडीके' ही साधने चांगली आहेत. एकच अर्ज अनेक भाषांत ठेवता येतो आणि इंटरनेट नसतानाही मोबाइलवर मुलाखत नोंदवता येते. सामाजिक संस्थांना कोबो ठरावीक मर्यादेपर्यंत मोफत आहे. 'लाइमसर्व्हे' हे खुले सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते. विश्लेषणासाठी 'आर', 'जामोवी', 'पीएसपीपी' ही मोफत सॉफ्टवेअरे पुरेशी आहेत. टक्केवारी आणि तक्ते काढायला जामोवी नवख्यालाही जमते.

पैसा कमी असेल तर एखाद्या विद्यापीठातील प्राध्यापक किंवा पीएचडी करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला सोबत घ्या. त्यांच्यामार्फत नैतिकता समितीची मंजुरी, ग्रंथालय आणि सांख्यिकीचा सल्ला मिळतो. मात्र प्रश्न कोण ठरवणार, डेटा कोणाच्या ताब्यात राहणार आणि अहवालावर कोणाचे नाव येणार, हे सुरुवातीलाच लिहून घ्यावे. आपली माणसे फक्त माहिती पुरवणार आणि निष्कर्ष दुसरे काढणार, असे होऊ देऊ नये.

सुरक्षितता आधी

जात उघड झाल्यामुळे नोकरी, घर, मैत्री गमावण्याची भीती असलेल्यांकडून आपण माहिती घेतो, हे विसरून चालणार नाही. युरोपमध्ये २०१८ पासून लागू असलेल्या डेटा संरक्षण नियमांत धर्म आणि वंश ही विशेष संरक्षित माहिती आहे आणि ती घेताना स्पष्ट संमती घेणे हा सरळ मार्ग आहे. ब्रिटनचे नियमही तसेच आहेत. भारतात २०२३ चा कायदा आहे. आखाती देशांत तर परवानगीशिवाय सर्वेक्षण केल्यास मुलाखत देणारा आणि घेणारा दोघेही अडचणीत येऊ शकतात. तिथे स्थानिक कायदा जाणणाऱ्याचा सल्ला घेतल्याशिवाय काही करू नये.

किमान एवढे पाळा. नाव, फोन नंबर, ईमेल गरज नसेल तर घेऊच नका. घेतलेच तर उत्तरांपासून वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्ड लावून ठेवा. उत्तरदात्याचा आयपी पत्ता नोंदवणे बंद करा. छोट्या शहराचे नाव, व्यवसाय आणि जात हे तीन रकाने एकत्र छापले की माणूस ओळखू येतो, म्हणून दहापेक्षा कमी लोकांचा गट तक्त्यात वेगळा दाखवू नका. प्रश्न मध्येच सोडण्याची मुभा असावी. अन्यायाची आठवण निघाल्यावर मन विस्कटू शकते, म्हणून मदतीसाठी कुठे जावे याची माहिती शेवटी द्यावी.

सुरुवात कुठून करावी?

पाच-सहा जणांचा गट पुरे. पहिला महिना प्रश्न ठरवा आणि वरची साधने चाळा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात प्रश्नावली, भाषांतर आणि वीस-पंचवीस जणांवर चाचणी. मग दोन महिने मुलाखती. शेवटचा महिना विश्लेषण आणि अहवाल. ओळख पटणार नाही अशी काळजी घेऊन डेटा 'झेनोडो' किंवा 'हार्वर्ड डेटाव्हर्स' अशा खुल्या संग्रहात ठेवा, म्हणजे पुढच्या पिढीला तो सापडेल आणि विरोधकालाही तपासता येईल.

भारतात पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक जाहीर झाला आहे आणि तीत जातींची नोंद होणार आहे. त्या आकड्यांचा अर्थ लावणारे, त्यातल्या उणिवा दाखवणारे आणि परदेशातील आकड्यांशी ते जोडून पाहणारे तरुण आपल्यात हवेत. आपल्या जिल्ह्यातील बौद्धांविषयी २०११ च्या जनगणनेत आणि कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात काय आहे, ते या महिन्यात काढून विहारातल्या बैठकीत मांडा. हा सराव झाला की देशाबाहेरच्या कामाला हात घालणे जड जाणार नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!